फोन कार्यालयाचा, निरोप घरचे : आस्थापना शाखांना एक खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या शासकीय व निमशासकीय कार्यालयांच्या, महामंडळांच्या आणि सहकारी संस्थांच्या आस्थापना शाखा
आणि त्यांचे कार्यालयप्रमुख

विषय : कामासाठी दिलेल्या फोनवर येणाऱ्या खासगी निरोपांबाबत

महोदय, महोदया,

मी एका निमशासकीय संस्थेच्या आस्थापना शाखेत काम करते. फोन आणि सिमकार्डांची नोंदवही माझ्याकडे असते. कुणाला कोणता हँडसेट दिला, त्याचा आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) काय, सिम कोणत्या पदाचं, चार्जर परत आला की नाही, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. माणसाची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला की माझ्या टेबलाशी येतो, फोन ठेवतो, सही करतो आणि ना-देय प्रमाणपत्र घेऊन जातो. पण इतकी वर्षं त्या फोनवर त्याच्या घरचे जे निरोप येत होते ते आता कुठे जाणार, हे लिहायला नोंदवहीत रकाना नाही. तो रकाना असावा, एवढंच मला या पत्रात मागायचं आहे. का मागते आहे ते सविस्तर सांगते.

एक बदली सांगते. खातं, गाव, नाव सांगत नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्याचं काम बघणारे एक साहेब दुसऱ्या जिल्ह्यात गेले. त्यांच्याकडचा नंबर पदाचा होता, म्हणजे माणूस बदलला तरी त्या पदाकडेच राहणारा. सरपंच, पाणी सोडणारे, ठेकेदार, तालुक्याचे पत्रकार, सगळ्यांकडे तोच. सकाळी साहेबांनी चार्ज दिला, सिम जमा केलं. दुपारी त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी ते सिम फोनमध्ये घातलं आणि व्हॉट्सॲप सुरू केलं. सहा आकडी कोड आला, तो टाकला आणि खातं उघडलं.

जुने मेसेज दिसत नव्हते. ग्रुप मात्र जसेच्या तसे होते. व्हॉट्सॲपचं खातं नंबराला बांधलेलं असतं. तोच नंबर दुसऱ्या फोनवर सुरू झाला की पहिल्या फोनवरचं खातं बंद पडतं, पण ग्रुपमधली जागा त्या नंबराचीच राहते. त्यामुळे मॅडम नळयोजनेच्या ग्रुपांबरोबर एका परक्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये, कुणाच्या तरी सोसायटीच्या आणि दहावीच्या बॅचच्या ग्रुपमध्येही जाऊन बसल्या. थोड्या वेळानं साहेबांच्या मुलीचा मेसेज आला, ‘पप्पा, हॉस्टेलची फी उद्यापर्यंत भरायचीय.’ संध्याकाळी एका पॅथॉलॉजी लॅबकडून पीडीएफ आली, साहेबांच्या पत्नीच्या नावाची. मॅडमनी फाइल उघडली नाही. उघडायची गरजच नव्हती; फाइलच्या नावातच ‘बायॉप्सी’ लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘मला यातलं काहीच बघायचं नाहीये हो. पण नंबर बंद ठेवला तर गावांचे फोन कुठे जाणार?’ साहेबांना फोन करून ही गोष्ट सांगायचं काम शेवटी त्यांनीच केलं. ती बायॉप्सीची गोष्ट तोवर साहेबांनी आपल्या आईलासुद्धा सांगितली नव्हती. नोंदवहीप्रमाणे सगळं चोख होतं : हँडसेट एक, सिम एक, चार्जर एक, दोघांच्या सह्या.

आता कुणी म्हणेल, साहेबांनी आधीच काळजी घ्यायला हवी होती. घ्यायला हवी होती, मान्य. पण फोन देताना आपण त्यांना काय सांगितलं होतं? दर महिन्याचं बिल किती रुपयांपर्यंत मंजूर आहे ते सांगितलं. हरवला तर पगारातून कपात होईल हे सांगितलं. घरचे निरोप या नंबरावर घेऊ नका, घेतलेत तर जाताना काय करायचं, यातलं काहीही नाही. उलट आपणच त्यांना त्या नंबरात अडकवतो. आपले फॉर्म काढून बघा. सेवाविषयक माहिती, पगाराचं खातं, गटविमा, भविष्य निर्वाह निधी, वैद्यकीय प्रतिपूर्ती, निवृत्तिवेतनाची कागदपत्रं. जवळपास सगळीकडे एकच रकाना : मोबाइल क्रमांक. कार्यालयात बसून फॉर्म भरणारा माणूस कार्यालयाचाच नंबर लिहितो, कारण तो चालू असतो, रिचार्ज संपत नाही आणि खिशात समोरच असतो. बँकेची माणसं पगाराची खाती उघडायला कार्यालयात येतात तेव्हाही हेच होतं. पुढे तोच नंबर गॅसला लागतो, विम्याला लागतो, मुलांच्या शाळेला लागतो. दहा वर्षांत त्या माणसाचं अख्खं घर पदाच्या नंबरावर राहायला येतं, आणि बदलीच्या आदेशात ते एका दिवसात रिकामं करायला सांगितलेलं असतं.

कार्यालयाबाहेर याबद्दल काय नियम आहेत ते बघा. सामान्य ग्राहकाचा नंबर बंद झाला तर तो दुसऱ्याला देण्याआधी किमान ९० दिवस जाऊ द्यावे लागतात. २०२३ च्या नोव्हेंबरात हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा दूरसंचार नियामक ट्रायनं हीच बाजू मांडली. आधीच्या ग्राहकानं व्हॉट्सॲपचं खातं आणि त्यातली माहिती काढून टाकून स्वतःची काळजी घ्यावी, असं न्यायालयानं तेव्हा म्हटलं. व्हॉट्सॲपकडेही मुदत आहे. खातं ४५ दिवस वापरात नसेल आणि मग तो नंबर वेगळ्या फोनवर सुरू झाला, तर जुन्या खात्याची माहिती काढून टाकली जाते. बँकांसाठी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ एप्रिल २०२५ पासून नियम केला की बंद होऊन दुसऱ्याला गेलेल्या नंबरांच्या याद्यांवरून यूपीआयच्या नोंदी आठवड्यातून किमान एकदा दुरुस्त करायच्या.

पदाच्या नंबराला यातलं एकही कुंपण लागू पडत नाही, कारण पदाचा नंबर कधी बंदच होत नाही. तो कुठल्या यादीत येत नाही, त्याचे ९० दिवस कधी सुरू होत नाहीत, ४५ दिवस रिकामे जात नाहीत. सकाळी एकाच्या हातातून सुटतो आणि दुपारी दुसऱ्याच्या हातात चालू होतो. रस्त्यावरच्या दुकानातून सिम घेणाऱ्या माणसाला जेवढं संरक्षण आहे, तेवढंही आपल्या कर्मचाऱ्याला नाही. ते त्याला फक्त आपण देऊ शकतो.

शासनाचे जे आदेश आहेत ते या प्रश्नाच्या जवळपर्यंत येतात आणि थांबतात. सामान्य प्रशासन विभागानं २३ जुलै २०२१ च्या परिपत्रकात कार्यालयात शक्यतो दूरध्वनीच वापरावा, भ्रमणध्वनीवर हळू आवाजात बोलावं, खासगी कॉल आला तर बाहेर जाऊन घ्यावा असं सांगितलं. चांगलं परिपत्रक आहे, माझी तक्रार नाही. पण बाहेर जाऊन घ्यायला कॉल असतो. पीडीएफ त्याच फोनमध्ये येऊन पडून राहते. समाजमाध्यमांच्या वापराबद्दलचा जुलै २०२५ चा शासन निर्णय तर वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा असंच सांगतो, आणि समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरायला परवानगीही देतो. मग खाती वेगळी ठेवायची तर नंबर दोन लागतात, हे ओघानं आलं. दुसरा नंबर कोणी घ्यायचा, कोणत्या फोनमध्ये घालायचा, त्याचं रिचार्ज कोण करणार, हे ठरवणं आपल्यावर आहे. आपण ते ठरवलेलं नाही.

सध्या सगळी चर्चा दुसऱ्याच बाजूची चालते. सुट्टीच्या दिवशी, रात्री-अपरात्री साहेबांचे मेसेज येतात, त्यांना उत्तर न देण्याचा हक्क हवा. फ्रान्सनं २०१७ पासून तो कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक २०१८ मध्ये मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. मी त्या मागणीच्या पूर्ण बाजूनं आहे. पण तिथे काळजी आहे ती काम घरात शिरतं याची. घर कामाच्या फोनमध्ये शिरतं आणि तिथेच राहून जातं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि माझ्या टेबलावर रोज हेच दुसरं दुखणं येतं.

दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्याही आहेत. पाणीपुरवठा, वीज, आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन अशा खात्यांतल्या माणसाला रात्री फोन बंद ठेवून चालतच नाही. त्याला उत्तर न देण्याचा हक्क देऊन काय करणार? त्याची गरज वेगळी आहे. रात्री दोन वाजता पदाचा फोन वाजला तर मुख्य वाहिनी फुटली असणार, हे त्याला न बघता कळलं पाहिजे. आज तसं होत नाही. त्याच फोनवर मावसभावाचे सुप्रभात येतात, सोसायटीत पार्किंगवरून भांडण चालू असतं, ऑफरचे मेसेज येतात. माणूस कंटाळून सगळ्याचाच आवाज बंद करतो आणि नेमका तेव्हा जलकुंभावरून आलेला निरोप सकाळी दिसतो. घरचे निरोप वेगळ्या नंबरावर गेले, तर पदाचा फोन रात्रभर उशाशी ठेवायलाही त्याची हरकत राहणार नाही. वेगळेपणा कार्यालयाच्याही फायद्याचा आहे तो असा.

महिला कर्मचाऱ्यांचं तर आणखी वेगळं आहे. पदाचा नंबर ही त्यांच्यासाठी मोठी सोय आहे, आणि हे बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. स्वतःचा नंबर गावच्या ग्रुपवर गेला की कोण कधी फोन करील, डीपी बघून काय लिहील, याचा भरवसा नसतो. पदाच्या नंबरामुळे तिचा स्वतःचा नंबर झाकलेला राहतो. म्हणून ‘सगळ्यांनी आपापलाच नंबर वापरा, पदाचे नंबर बंदच करा’ असा सोपा उपाय कोणी सुचवला तर मी विरोध करीन. फोन धड दिला नाही तर काय होतं, तेही राज्यानं पाहिलेलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. दोन जीबी रॅमचे ते फोन अडकत होते, तापत होते आणि त्यावर भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं. त्यांनी स्वतःच्या फोनवर काम करावं अशी अपेक्षा म्हणजे लेकरांच्या अभ्यासाचा, नवऱ्याच्या कामाचा आणि शासनाच्या नोंदींचा फोन एकच. कामाला कामाचा फोन हवाच. तो धड हवा, आणि तो देताना घराची सोयही लावून द्यायला हवी.

इथे मोठ्या शहरांतल्या कंपन्यांचा सल्ला आपल्याला पुरा पडत नाही. ते सांगतात, दोन फोन ठेवा. आपल्या शिपायाला, वाहनचालकाला, पंपचालकाला दोन फोन परवडतात का? अनेक घरांत कार्यालयाचा हँडसेट हाच सगळ्यात चांगला फोन असतो. मुलीचा प्रवेशाचा फॉर्म त्यावरच भरला जातो, आईच्या औषधाच्या चिठ्ठीचा फोटो त्यावरच असतो. त्याला ‘खासगी वापर करू नये’ असं पावतीवर छापून दिलं की नियम पाळला जात नाही, वापर फक्त लपवला जातो. मग जाताना तो कुणाला काही विचारतही नाही, कारण विचारलं तर वापर कबूल केल्यासारखं होतं. ही भीती मी टेबलापलीकडच्या चेहऱ्यांवर पुष्कळदा पाहिली आहे. एक पंपचालक फोन जमा करायला आले आणि नुसते उभे राहिले. फोन पुढे करत नव्हते, मागेही घेत नव्हते. विचारलं तेव्हा म्हणाले, ‘नातवाच्या बारशाचे फोटो हायेत मॅडम यात. काढून घेतले तर चालतंय का?’ चोरी करतोय की काय, अशा आवाजात विचारत होते. आपल्याच नातवाचे फोटो.

खरं तर यावरची सोय फोनमध्येच असते. आजचे बहुतेक हँडसेट दोन सिमचे आहेत. पहिल्या जागी पदाचं सिम, दुसऱ्या जागी त्याचं स्वतःचं. याला कार्यालयानं लेखी परवानगी द्यावी. व्हॉट्सॲपनं ऑक्टोबर २०२३ पासून ॲन्ड्रॉइडवर एकाच ॲपमध्ये दोन नंबरांची दोन खाती चालवायची सोय दिलेली आहे. घरच्या ग्रुपांत स्वतःचा नंबर, नळयोजनेच्या ग्रुपांत पदाचा. दोन्हींच्या सूचना वेगळ्या येतात, आवाजही वेगवेगळे लावता येतात. त्याचा स्वतःचा नंबर त्याच्याबरोबर जातो, बदली कुठेही होवो. बँकेला, आधारला, गॅसला, शाळेला तोच द्यायचा. रिचार्जचा प्रश्न राहतो हे मी जाणते. इंटरनेट पदाच्या सिमवर चालतं, त्यामुळे दुसऱ्या सिमला फक्त कॉल आणि एसएमएस पुरतात; डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना इंटरनेट नसलेले पॅक देणं बंधनकारकही केलं आहे. तरी तेवढाही खर्च चतुर्थ श्रेणीच्या माणसाला जाणवतो. ज्या संस्थांना शक्य आहे त्यांनी तो उचलावा. महिन्याचं आपलं एकूण फोन बिल बघितलं तर ही रक्कम त्यात दिसणारही नाही.

जिथे आयटी विभाग आहे, तिथे आणखी एक करता येतं. ॲन्ड्रॉइडमध्ये २०१४ पासून ‘वर्क प्रोफाइल’ची सोय आहे. फोनचे दोन भाग होतात, कामाच्या ॲपवर छोटी बॅग दिसते, कामाचा भाग संध्याकाळी बंद ठेवता येतो, आणि माणूस जाताना कार्यालय फक्त तो भाग पुसतं. घरच्या भागाला हात लागत नाही. पण आपले आयटीवाले बहुतेक वेळा अख्खा फोनच ताब्यात ठेवतात, कारण ते सोपं असतं. मग परत आला की एका बटणात सगळं साफ. त्यांना मी विनंती करते की निदान कर्मचाऱ्याला आधी सांगा : फोनमधलं आम्हाला काय दिसतं, काय दिसत नाही, आणि आम्ही काय पुसू शकतो. लोक या माहितीच्या अभावी एकतर सगळ्यावर विश्वास टाकतात नाहीतर कशावरच नाही.

आणि एक किचकट बाब, जी फक्त ही नोंदवही सांभाळणाऱ्यांनाच ठाऊक असते. माणूस फोनमध्ये स्वतःचं गूगल खातं टाकतो. जाताना ते न काढता कोणीतरी फोन थेट रीसेट करतं. फोन पुन्हा चालू झाला की जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि तिथेच अडकतो. चोरीपासून संरक्षण म्हणून ती सोय केलेली आहे. तोवर जुना माणूस गडचिरोलीला रुजू झालेला असतो, नाहीतर निवृत्त होऊन गावी गेलेला. कार्यालयाचं नुकसान होतं हा वेगळा मुद्दा. त्याहून वाईट म्हणजे संपर्क यादी. नंबर फोनमध्ये साठवले होते, सिमवर, की कोणत्या खात्यात, हे त्याला माहीत नसतं. रीसेट झाला की पंधरा-वीस वर्षांची जोडलेली माणसं गेली. व्हॉट्सॲपवर दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन लावलेला असेल आणि तो सांगायचा राहिला असेल, तर नवा माणूस सात दिवस त्या नंबरावर खातं उघडू शकत नाही. सात दिवस गावांचे निरोप बंद. म्हणजे घरचं नीट आवरलं नाही की कामही अडतं.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे पत्र लिहायला बसले ती सांगते. आमच्याकडचे एक कर्मचारी सेवेत असताना अचानक गेले. हृदयविकार. दिवसकार्य झाल्यावर त्यांचा फोन कुणीतरी घरून आणून जमा केला. नियमाप्रमाणे रीसेट झाला, नियमाप्रमाणे सिम पदावरच्या पुढच्या माणसाकडे गेलं. महिन्याभरानं त्यांच्या पत्नी कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी आल्या. विमा, बँक, मुलाची शिष्यवृत्ती, जिथे जातील तिथे जुनी नोंद त्याच नंबराची आणि ओटीपी त्याच नंबरावर. तो आता परक्या माणसाच्या खिशात. तो भला माणूस होता, प्रत्येक ओटीपी वाचून दाखवायला त्यानं कधी कंटाळा केला नाही. पण विचार करा, एका नव्यानं विधवा झालेल्या बाईला आपल्या नवऱ्याच्या नंबरावर फोन करून अनोळखी पुरुषाकडून आकडे मागावे लागत होते. आणि फोनमधले फोटो? त्यांनी मला एकदाच विचारलं, ‘परत येतील का हो?’

मृत्यूच्या प्रकरणात फोन महिनाभर तरी कोणी रीसेट करू नये, सिम दुसऱ्याला देण्याआधी कुटुंबाला बोलवावं, त्यांच्यासमोर घरचं काढून द्यावं. याला शासन निर्णय लागत नाही. कार्यालयप्रमुखाची एक सही पुरते. पदाचा नंबर गावांसाठी चालू ठेवायचा असेल तर तेवढे दिवस त्यावरचे कॉल दुसऱ्या नंबरावर वळवता येतात.

विभागीय चौकशीचं वेगळं पत्र होईल, म्हणून इथे थोडक्यात. चौकशीत फोन ताब्यात घेतला की त्यात बायकोचे, मुलीचे, डॉक्टरांचे मेसेजही येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलेलं आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नोकरीच्या कारणांसाठी मालकाला काही सवलत देतो, पण मुलीच्या हॉस्टेलची फी हे नोकरीचं कारण होत नाही. पदाच्या नंबरावर फक्त पदाचं काम असलं, तर चौकशी करणाऱ्यालाही संकोच नको आणि ज्याची चौकशी आहे त्याच्या घरच्यांनाही.

मी एक साधा कागद तयार केला आहे. फोन देताना द्यायचा, मराठीत, दोघांच्या सह्यांसह. त्यातला मजकूर असा :

‘हा नंबर पदाचा आहे. आपली बदली किंवा निवृत्ती झाल्यावर तो त्याच दिवशी आपल्या जागी येणाऱ्या व्यक्तीकडे जाईल. बँक, आधार, विमा, गॅस, मुलांची शाळा, दवाखाना आणि घरचे ग्रुप यांसाठी आपला स्वतःचा नंबर द्यावा. आपलं सिम या फोनच्या दुसऱ्या जागेत घालण्यास परवानगी आहे. या फोनमधले आपले फोटो व संपर्क आपले आहेत. ते केव्हाही काढून घेण्यास हरकत नाही. फोन जमा करण्याआधी आपल्याला आठ दिवस मिळतील आणि त्या दिवसांत आस्थापना शाखा आपल्याला मदत करील.’

त्या आठ दिवसांत करायची कामं मागच्या पानावर आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बँकेतला नंबर आधी बदलायचा, कारण त्याला वेळ लागतो. घरचे निरोप पदाच्याच नंबरावर येत असतील तर जुन्या फोनवरच व्हॉट्सॲपमधली ‘चेंज नंबर’ ही सोय वापरून खातं स्वतःच्या नंबरावर न्यायचं; ग्रुप सोबत जातात आणि ओळखीच्यांना कळवताही येतं. कामाच्या ग्रुपांमधून मग बाहेर पडायचं, आणि नव्या अधिकाऱ्याला पदाच्या नंबरानं त्यांत घ्यायला ॲडमिनला सांगायचं. बॅकअप त्यानंतर घ्यायचा, आधी घेतला तर तो जुन्या नंबराला जोडलेला राहतो. सगळ्यात शेवटी गूगल खातं काढायचं, मग रीसेट. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी शाखेतल्या एकानं अर्धा तास बसावं. तरुण लिपिकांना हे खेळासारखं येतं, आणि ज्येष्ठ माणसं त्यांना आयुष्यभर लक्षात ठेवतात.

आणि फॉर्म. प्रत्येक फॉर्मवर मोबाइल क्रमांकाचे दोन रकाने करा : पदाचा आणि स्वतःचा. निवृत्तिवेतनाच्या कागदांवर तर पदाचा नंबर घ्यायचाच नाही, असा शिक्का मारून ठेवा. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायच्या वेळी कितीतरी निवृत्त माणसं आमच्याकडे येतात ती याच एका कारणानं. नोंद जुन्या नंबराची असते आणि मेसेज तिथे जात असतो.

सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात. त्याआधी हा कागद आपल्या नोंदवहीला जोडता आला, तर या वर्षी जाणाऱ्या माणसांनाच त्याचा उपयोग होईल. मजकूर जसाच्या तसा घ्या, आपल्या कार्यालयाप्रमाणे बदला, माझं नाव त्यावर नको. आयटी विभाग नसेल तरी चालेल. वरून आदेश येईपर्यंत थांबलात तर मात्र आणखी एक उन्हाळा असाच जाईल.

आपली,
आस्थापना शाखेतली एक सहकारी